वैद्याची चिठ्ठी आणि गांजाचे झाड

पिसाळलेला कुत्रा चावलेल्या माणसाचे मरण फार भयंकर असते. घसा तहानेने कोरडा पडलेला असतो, आणि पाण्याचे भांडे नुसते समोर आले तरी सारे अंग आक्रसून येते. अशा एका रोग्याची हकीकत १८३९ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात आली आहे. त्याला गांजापासून काढलेली राळ देण्यात आली. काही वेळाने, ज्याला पाण्याचा थेंब सहन होत नव्हता त्या माणसाने संत्र्याचा रस चोखला. रोग हटला नाही. थोड्याच दिवसांत तो गेला, पण तडफडत गेला नाही. निबंधकाराने पुढे म्हटले आहे, त्याचा आशय असा की, रोग बरा करणे आपल्या हाती नसले तरी त्यातली भयानकता काढून घेणे हेही वैद्याचे कामच आहे.

निबंध लिहिणारे गृहस्थ म्हणजे विल्यम ब्रुक ओशॉनेसी. आयर्लंडमधल्या लिमरिकचा जन्म, एडिंबरोचे शिक्षण. विशीत असतानाच त्यांनी पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्यातले पाणी व क्षार कमी झालेले असतात हे दाखवून दिले होते. आज आपण शिरेतून जे सलाइन देतो त्याचे मूळ तेथे आहे. १८३३ साली ते कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या नव्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. पुढे याच माणसाने हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा ओढल्या व त्याबद्दल 'सर' ही पदवी मिळवली. एका आयुष्यात माणसाने किती उद्योग करावेत याला काही धरबंधच नाही!

गांजाच्या बाबतीत ओशॉनेसींची रीत मला फार आवडते. त्यांनी आधी इथल्या पंडितांना आणि हकिमांना विचारले, जुन्या ग्रंथांत काय आहे ते समजून घेतले. विजया या नावाने ही वनस्पती आपल्या वैद्यांच्या परिचयाची होतीच. जातीफलादि चूर्णात भांग पडते हे आजही कोणताही वैद्य सांगेल. पण 'जुने लोक म्हणतात' एवढ्यावर ओशॉनेसी थांबले नाहीत. त्यांनी जनावरांवर प्रयोग केले. कुत्री, मांजरे, गिधाडे, कावळे या मांसाहारी प्राण्यांना नशा चढते, आणि घोडा, शेळी, गाय यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, अशी गमतीची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. मग संधिवाताचे, धनुर्वाताचे, पटकीचे रोगी; आकडी येणारे चाळीस दिवसांचे एक तान्हे मूल. संधिवाताच्या एका रोग्याचा हात जसा ठेवावा तसा ताठ राहू लागला, तेव्हा डॉक्टरांची घाबरगुंडी उडाली. तेही त्यांनी लपवलेले नाही. मात्रा कमी ठेवा, असा धडा त्यातून घेऊन ते पुढे गेले.

१८४१-४२ च्या सुमारास ते रजेवर विलायतेस गेले तेव्हा गांजा बरोबर नेला. लंडनच्या पीटर स्क्वायर नावाच्या औषधविक्रेत्याने त्याचा अर्क तयार केला. दहा-पंधरा वर्षांत हे औषध अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतही जाऊन बसले. व्हिक्टोरिया राणीचे वैद्य रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० साली 'लान्सेट' या पत्रात आपल्या तीस वर्षांच्या अनुभवावरून गांजाची शिफारस केली. अर्धशिशी, नसांचा ठणका अशा दुखण्यांत ते त्यांना उपयोगी वाटे. (राणी स्वतः ते घेत असे, ही गोष्ट लोक चवीने सांगतात. तिला पुरावा नाही.) नामांकित विल्यम ऑस्लर यांनीही आपल्या वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात अर्धशिशीवर गांजाला मानाचे स्थान दिले होते.

मग हे औषध गेले कुठे? केवळ कायद्याने ते मारले असे म्हणणे खरे नाही. गांजाचा सत्त्वांश पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो पिचकारीने टोचता येत नसे. मॉर्फिन मात्र टोचता येई, आणि मिनिटांत गुण दाखवी. शिवाय गांजाची एक बाटली दुसरीसारखी नसे. आज वीस थेंबांनी काही झाले नाही, उद्या नव्या बाटलीतल्या वीस थेंबांनी रोगी भ्रमिष्ट बडबडू लागला, असे झाले की डॉक्टर त्या औषधाच्या वाटेला जात नाही. १८९९ साली अॅस्पिरिन बाजारात आले आणि साध्या डोकेदुखीचा प्रश्न सुटला. म्हणजे कायद्याचा हात पडला तेव्हा हे औषध आधीच म्हातारे झाले होते. नव्या लेखकांत गांजाला हुतात्मा करण्याची जी हौस दिसते, तिला एवढी एक मुरड घालायला हवी.

इकडे हिंदुस्थानात काय चालले होते? १८९३ साली विल्यम केन या मद्यपाननिषेधाच्या कैवारी खासदाराने पार्लमेंटात प्रश्न विचारला आणि सरकारने सात जणांचे एक मंडळ नेमले. त्यात तीन हिंदी सभासद होते. मंडळाने ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातल्या नगर जिल्ह्याच्या शेतापासून बंगालमधल्या नौगावच्या वखारीपर्यंत सारा व्यवहार त्यात आला आहे. निष्कर्ष थोडक्यात असा: बेताने घेणाऱ्याला विशेष अपाय नाही, अतिरेक वाईट, सरसकट बंदी अनावश्यक व अयोग्य. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. गांजाने वेड लागते याचा पुरावा म्हणून इस्पितळांच्या वह्या दाखवल्या जात. मंडळाने त्या नोंदींचा माग काढला, तेव्हा असे दिसले की रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसाने 'कारण' या रकान्यात गांजा लिहून टाकलेले असे, आणि डॉक्टर तेच पुढे उतरून घेत. रोगाचे निदान पोलिसाने करायचे आणि सही डॉक्टरने! पुढच्या शंभर वर्षांच्या गोष्टीचे बीज मला या रकान्यात दिसते.

आता अमेरिकेकडे वळू. त्या देशात १९१४ सालच्या हॅरिसन कायद्याने अफू आणि कोकेन यांच्यावर कर बसवून डॉक्टरांना सरकारदरबारी नाव नोंदवणे भाग पाडले. कायदा दिसायला कराचा होता. परंतु १९१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, व्यसनी माणसाला केवळ त्याचा त्रास टळावा म्हणून दिलेली मॉर्फिनची चिठ्ठी ही वैद्यकीय चिठ्ठीच नव्हे. कोणती चिठ्ठी वैद्यकीय आणि कोणती नव्हे हे ठरवण्याचा अधिकार तेव्हापासून वसुली खात्याच्या हाती गेला. कित्येक डॉक्टरांना तुरुंगाची वाट धरावी लागली. अमेरिकन डॉक्टरच्या मनात जी भीती बसली ती येथून. गांजा या कायद्यात नव्हता.

तो आला १९३७ साली. मादक द्रव्य खात्याचा प्रमुख हॅरी अॅन्सलिंगर याने वर्तमानपत्री खुनांच्या कहाण्यांची चवड घेऊन 'मारिहुआना'विरुद्ध मोहीम उघडली होती. ४ मे रोजी लोकसभागृहाच्या समितीपुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीने डॉ. विल्यम वुडवर्ड साक्षीला उभे राहिले. हे गृहस्थ डॉक्टरही होते आणि वकीलही. त्यांनी विचारले, की तुरुंग खात्याची, बालकल्याण खात्याची, सार्वजनिक आरोग्य खात्याची साक्ष कुठे आहे? नुसती वर्तमानपत्रे म्हणजे पुरावा काय? आणि दुसरा मुद्दा त्याहून मार्मिक होता. मारिहुआना या मेक्सिकोतून आलेल्या अपरिचित शब्दाखाली जे रोपटे दडले आहे ते म्हणजे औषधसूचीतले आपले कॅनॅबिस, हे धंद्यातल्या लोकांना कळलेच नाही. आम्हांलाही अगदी शेवटी कळले. औषधी उपयोग कमी झाला आहे हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले, पण पुढे संशोधनाने नवे उपयोग सापडतील, ती वाट बंद करू नका, अशी विनंती केली. समितीने त्यांना जवळजवळ दटावूनच बसवले. पुढे सभागृहात कोणीतरी विचारले, की डॉक्टरांच्या संस्थेचे मत काय? समितीच्या एका सभासदाने उत्तर दिले, की त्यांचा या विधेयकाला पूर्ण पाठिंबा आहे.

कायदा १ ऑक्टोबर १९३७ पासून अमलात आला. नोंद केलेल्या माणसाने माल घेतला तर औंसाला एक डॉलर कर, नोंद नसलेल्याने घेतला तर शंभर डॉलर. डॉक्टरला वर्षाला एक डॉलर भरून गांजा लिहून देता येत होता; कागदोपत्री बंदी कुठेच नव्हती. पण अर्ज, नोंदवह्या, तपासणीस, आणि चुकल्यास तुरुंग, एवढे सारे एका म्हाताऱ्या औषधासाठी कोण सोसणार? १९४२ साली ते अमेरिकेच्या औषधसूचीतून गळाले. १९७० च्या नव्या कायद्याने तर त्याला पहिल्या परिशिष्टात टाकले. पहिले परिशिष्ट म्हणजे ज्याचा मान्य असा कोणताच वैद्यकीय उपयोग नाही अशा द्रव्यांची यादी. मॉर्फिन दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे त्याच्याहून सभ्य ठरले.

यानंतर रोग्यांनी न्यायालयाची पायरी चढायला सुरुवात केली. रॉबर्ट रँडल नावाच्या गृहस्थांना काचबिंदू होता. आपल्या घरी गांजा लावल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९७६ साली न्यायाधीशांनी 'गरज' हा बचाव मान्य करून त्यांना सोडले. मग मौज अशी झाली की जे सरकार या वनस्पतीचा काही उपयोग नाही म्हणत होते, तेच सरकार मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतातल्या गांजाच्या विड्या त्यांना डब्यातून पुरवू लागले. ही योजना १९९२ साली नव्या रोग्यांना बंद करण्यात आली. एड्सच्या रोग्यांचे अर्ज येऊ लागले होते, हे त्यामागचे कारण.

त्याच वर्षी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूतच गांजासारखे काम करणारे एक द्रव्य सापडले. इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी सहकाऱ्यासह १९६४ साली गांजातला मुख्य नशाकारक अंश वेगळा काढून त्याची रचना ठरवली होती. त्यांच्याच प्रयोगशाळेत हे नवे द्रव्य मिळाले आणि त्याचे नाव ठेवले 'आनंदामाइड'. आपला संस्कृत आनंद! ओशॉनेसींनी ज्या पंडितांना विचारले होते त्यांना या नामकरणाचे नवल वाटले नसते.

१९९६ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल दिला की डॉक्टरने सुचवले असेल तर रोग्याने गांजा बाळगणे गुन्हा नाही. दोन महिन्यांच्या आतच वॉशिंग्टनहून फर्मान सुटले: जो डॉक्टर असे सुचवील त्याची औषधे लिहून देण्याची नोंदणी रद्द करू. एड्सच्या रोग्यांची शुश्रूषा करणारे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. मार्कस कोनंट आणि इतर काही जण न्यायालयात गेले. २००२ साली वरिष्ठ न्यायालयाने निवाडा दिला तो असा: डॉक्टरने चिठ्ठी लिहिणे हा गुन्हा होईल, पण रोग्याशी मोकळेपणाने बोलणे, सल्ला देणे हे त्याचे भाषणस्वातंत्र्य आहे. त्यामुळे तिकडे गांजाची 'चिठ्ठी' नसते, 'शिफारस' असते. एका शब्दाच्या आडोशाने डॉक्टर बचावला. रोगी मात्र बचावला नाही. २००५ साली एंजेल रेच यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, राज्याने परवानगी दिली तरी मध्यवर्ती सरकारचा कायदा लागू राहतो, मग ते झाड रोग्याच्या अंगणात का असेना.

येथवर डॉक्टर आणि रोगी एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला. पुढचा अध्याय अधिक कष्टदायक आहे, कारण त्यात डॉक्टरच समोरच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

ज्या १९९६ साली कॅलिफोर्नियाने कौल दिला त्याच साली ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची गोळी बाजारात आली. वेदना सहन करायला लावणे हा अन्याय आहे, ही मूळची खरी गोष्ट कंपन्यांनी विक्रीसाठी वापरली. गोळी व्यसन लावत नाही असे डॉक्टरांना सांगितले गेले. २००७ साली कंपनीने न्यायालयात खोट्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. १९९९ पासून २०२१ पर्यंत अफूवर्गातील द्रव्यांच्या अतिसेवनाने अमेरिकेत सुमारे ६,४५,००० माणसे मेली. एवढा प्रलय डोळ्यांदेखत झाल्यावर डॉक्टर सावध झाला तर त्याला दोष कसा द्यावा?

या सावधपणातून 'वेदना-करार' जन्माला आले. जुनाट दुखण्याच्या रोग्याने गोळ्या हव्या असतील तर कागदावर सही करायची: एकाच डॉक्टरकडे जाईन, एकाच दुकानातून औषध घेईन, कोणतेही बेकायदा द्रव्य घेणार नाही, आणि बोलावाल तेव्हा लघवी तपासायला देईन. लघवीत गांजा निघाला की करार मोडला. गोळ्या बंद, कधी कधी दवाखान्याचे दारही बंद. राज्याचे ओळखपत्र दाखवले तरी उपयोग नाही. मध्यवर्ती कायद्यात ते द्रव्य बेकायदा आहेच!

येथे रसायनशास्त्राने रोग्याशी थोडा दगाफटका केला आहे. दारू एखाद्या दिवसात अंगातून निघून जाते. गांजाचा अंश चरबीत मुरतो आणि नित्य घेणाऱ्याच्या लघवीत आठवडेच्या आठवडे सापडतो. म्हणजे रोज रात्री व्हिस्की पिऊन गोळ्या घेणारा, ज्याला खरोखर श्वास बंद पडण्याचा धोका आहे, तो तपासणीतून निसटू शकतो, आणि पंधरा दिवसांपूर्वी झोप यावी म्हणून चार झुरके ओढणारा पकडला जातो. शिवाय ही तपासणी माणूस नशेत आहे की नाही हे सांगत नाही, वेदना किती आहेत हे तर नाहीच नाही.

सर्वांत जास्त ओरड झाली ती निवृत्त सैनिकांकडून. त्यांची इस्पितळे मध्यवर्ती सरकारची, म्हणून कायदा त्यांच्यावर पुरता लागू. अखेर जुलै २०१० मध्ये त्या खात्याने आज्ञापत्र काढले: राज्याच्या योजनेत गांजा घेणाऱ्या सैनिकाला केवळ त्या कारणाने उपचार नाकारू नयेत. मात्र त्याच्या वेदनेच्या औषधांत फेरफार करायचा की नाही हे डॉक्टरने ठरवावे, आणि गांजाची शिफारस कोणत्याही डॉक्टरने लिहून देऊ नये. म्हणजे घे, आम्ही पाहत नाही. पण विचारू नकोस. सरकारी भाषेत दयाबुद्धी इतपतच उतरते.

२०१६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अफूजन्य औषधांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात तपासणीच्या निकालावरून रोग्याला हाकलून देऊ नये असे स्पष्ट म्हटले होते. गांजा सापडला तर त्याचा वैद्यकीय अर्थ काय घ्यायचा याविषयी तज्ज्ञांतच निश्चितता नाही, हेही नमूद केले होते. पण त्याच कागदातल्या मात्रेच्या आकड्याला लोकांनी कायदा मानले आणि हे वाक्य दुर्लक्षित राहिले. वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांच्या गोळ्या एकाएकी तोडल्या गेल्या. २०१९ मध्ये औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला, आणि २०२२ मध्ये मार्गदर्शन नव्याने लिहावे लागले.

गांजाने वेदना खरोखर शमतात का? तज्ज्ञांच्या दोन सभांनी दोन उत्तरे दिली आहेत. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी जुनाट वेदनेवर भरीव पुरावा आहे असे म्हटले. २०२१ साली वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सामान्य वापरासाठी पाठिंबा द्यायला नकार दिला. आणखी एक उदाहरण. २०१४ साली एक अभ्यास गाजला: गांजाला औषध म्हणून मान्यता देणाऱ्या राज्यांत १९९९ ते २०१० या काळात अफूजन्य औषधांचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी. साऱ्या कैवाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. २०१९ साली दुसऱ्या संशोधकांनी तीच रीत २०१७ पर्यंत लावून पाहिली, तर आकडा उलटा झाला. मृत्यू तितकेच जास्त! माझ्या मते यातून गांजाविषयी फारसे काही कळत नाही, पण राज्यांच्या सरासरीवरून एका रोग्याच्या पाठीचा ठणका समजून घेता येत नाही, एवढे नक्की कळते.

आपल्याकडची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय मला सोडवत नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाची व्याख्या 'फुलोरा' एवढीच झाली, पाने वगळली गेली, म्हणून भांग वाचली. १९८५ च्या आपल्या मादक द्रव्य कायद्यातही तीच व्याख्या आहे. काशीत सरकारी दुकानात भांग मिळते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तिलाही परवाना लागतो. पण या कायद्याचा खरा घाव गांजावर नव्हे, मॉर्फिनवर बसला. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणारे मोठे देश म्हणून ज्यांची गणना होते त्यांत आपण आहोत, आणि तरीही १९८५ नंतरच्या बारा-तेरा वर्षांत आपल्या इस्पितळांतला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. शिक्षेची किमान मुदत दहा वर्षे ठेवल्यावर कोणता औषधविक्रेता ती बाटली कपाटात ठेवील? १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे मरणोन्मुख कर्करोग्यांसाठी देशातले पहिले आश्रयस्थान उघडले, ते नेमके या काळात. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन हाताळायला न शिकताच पदवीधर झाली.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यासाठी वर्षानुवर्षे झगडले आणि २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मान्यताप्राप्त इस्पितळाला आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच परवाना पुरतो. त्यापूर्वी निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत, आणि शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत बहुधा संपलेली असे.